माहलकाबाई ‘चंदा’

हैदराबाद शहराच्या ईशान्येस मौला अली नावाची एक खडकाळ टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी, भिंतींनी वेढलेल्या एका आवारात, दोन स्त्रियांच्या कबरी आहेत. त्या नात्याने मायलेकी होत. आई १७९२ साली वारली व मुलीने तिच्यासाठी हे स्थान बांधविले. पुढे १८२४ साली मुलगीही तेथेच विसावली. या दोघी कोणा नवाबाच्या बेगमा नव्हत्या, की राजघराण्यातल्या नव्हत्या. दोघीही गाणाऱ्या होत्या. ज्या काळी गाणाऱ्या बाईचे नाव संभावित माणसे चारचौघांत घेत नसत, त्या काळी एका गाणारणीने आपल्या गाणारणी आईसाठी सरदारास शोभेल असे स्मारक उभारावे, आणि ते सव्वादोनशे वर्षे टिकावे, ही गोष्ट साधी नव्हे. त्या मुलीचे नाव चंदा. दरबारी किताबाने ती माहलकाबाई म्हणून प्रसिद्ध झाली. माह म्हणजे चंद्र आणि लका म्हणजे मुख; आपल्याकडील ‘चंद्रमुखी’ या शब्दाचाच हा फारसी पर्याय होय.

माहलकाबाईंची कीर्ती हैदराबादेत झाली, परंतु त्यांच्या घराण्याची दक्षिणेतील मुळे औरंगाबाद शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहेत. पुष्कळ चरित्रलेखांत त्यांचे जन्मस्थान म्हणूनही याच शहराचा निर्देश होतो. यास्तव प्रथम या शहराकडे वळले पाहिजे. कारण गाणारी माणसे वाऱ्यावर येत नाहीत, ती आश्रयाच्या मागून येतात.

हे शहर प्रथमपासूनच दूरदूरच्या माणसांनी वसविलेले आहे. त्याची स्थापना १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी मलिक अंबराने केली. हा मलिक अंबर हबसाणातला, म्हणजे आफ्रिका खंडातला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा आधारस्तंभ झाला व मोगलांस त्याने आयुष्यभर झुंजविले. त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी पुढे पिढ्यान् पिढ्या या शहराने प्यायले. १६५३ साली दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने शहरास आपले नाव दिले, आणि त्याच्या छावणीमागून उत्तरेकडील कारागीर, व्यापारी, लेखक व कलावंत यांचा ओघ इकडे लागला. १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्काने दक्षिणेत आपले स्वतंत्र बस्तान बसविले, तेव्हा औरंगाबाद हेच त्याच्या राज्याचे मुख्य ठाणे होते.

या शंभर वर्षांत येथे एक विलक्षण गोष्ट घडली. दिल्लीकडील बोली व दक्षिणेतील दख्खनी यांचा या शहरात मिलाफ झाला आणि त्यातून उर्दू कवितेस नवे वळण मिळाले. वली हा कवी येथील. १७०० साली तो दिल्लीस गेला व आपल्या गझलांनी त्याने तेथील फारसीच्या अभिमान्यांस चकित केले. लोकांच्या बोलीतही उत्तम कविता होऊ शकते हे दिल्लीने औरंगाबादेपासून शिकले असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच्यामागून सिराज औरंगाबादी झाला. तो १७६३ साली वारला. ऐन तारुण्यात लागलेल्या ईश्वरी वेडाने त्याने देहभान हरपले होते असे सांगतात, आणि त्याच्या गझला आजही कव्वाल गातात. तात्पर्य, अठराव्या शतकाच्या मध्यास औरंगाबाद हे असे गाव होते की, जेथे चांगला शेर ऐकणाराही होता आणि तो चांगल्या गळ्यातून ऐकण्यासाठी पैका मोजणाराही होता.

अशा या शहरात चंदाची आई राजकंवर आली. तिच्या घराण्याची जी हकीकत चरित्रांत दिलेली आढळते, ती थोडक्यात अशी. चंदाची आजी गुजरातेतील एका बऱ्या घरची स्त्री होती. तिचेही नाव चंदाच. तिचा नवरा सरकारी नोकरीत होता. पैशाच्या अफरातफरीचे बालंट येताच तो बायकामुलांस टाकून परागंदा झाला. हाताशी मुले, घरात दाणा नाही, आणि नातलगांनी पाठ फिरविलेली. अशा स्थितीत त्या बाईने गाव सोडले. वाटेत भगत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांनी तिला आसरा दिला. त्यांच्याबरोबर राहून मुली गाणे शिकल्या, नाच शिकल्या, आणि जे प्रथम पोटासाठी शिकले गेले त्यातच पुढे त्यांनी नाव मिळविले. देवळिया, बऱ्हाणपूर अशी मजल दरमजल करीत हे कुटुंब निजामाच्या छावणीबरोबर औरंगाबादेस पोहोचले. त्या मुलींपैकी एक राजकंवर.

या हकीकतीत आपल्या समाजास ओळखीचे असे पुष्कळ आहे. ‘अमुक बाई गाण्यात गेली’ असे आपण सहज बोलून जातो. ती का गेली हे कोणी पुसत नाही. राजकंवरच्या आईस गाण्याच्या धंद्यात कोणी नेले, असे विचारले तर त्याचे उत्तर एवढेच की, पळून गेलेल्या नवऱ्याने, दार लावून घेणाऱ्या आप्तांनी आणि मुलांच्या भुकेने. ज्यांनी तिला घेतले त्यांच्यापाशी देण्याजोगे गाण्याखेरीज दुसरे काही नव्हते, आणि ते त्यांनी हातचे न राखता दिले.

राजकंवरची एक मुलगी मेहताब. वयाने ती चंदाहून बरीच मोठी. हिचा संबंध निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याच्याशी जुळला. पेशवाईचा इतिहास वाचणाऱ्यांस हे नाव अपरिचित नाही. त्या सुमारास दक्षिणेतील राजकारण पार पालटले होते. १७६० साली उदगीरास व १७६३ च्या ऑगस्टात राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला. याच वर्षी निजाम अलीने आपली राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस हलविली. राजधानी गेली म्हणजे केवळ कचेऱ्या जात नाहीत. सरदार गेले, त्यांच्यामागे सोनार, अत्तरवाले, कातिब, शायर व कलावंत गेले. राजकंवरचे घराणेही गेले. ७ एप्रिल १७६८ रोजी तिला दुसरी मुलगी झाली. आजीचे नाव तिला ठेवण्यात आले. वडिलांचा उल्लेख बहादुरखान या नावाने येतो. ते मनसबदार होते. मेहताबला मूल नव्हते, म्हणून तिने ही धाकटी बहीण आपल्या मांडीवर घेतली, आणि चंदा दिवाणाच्या वाड्यात वाढू लागली.

हा योग तिच्या आयुष्यात निर्णायक ठरला. गाणाऱ्या घराण्यातील मुलीस गाणे-नाचणे मिळालेच असते. परंतु दिवाणाच्या वाड्यात ग्रंथसंग्रह होता, अश्वशाळा होती, विद्वानांची ये-जा होती. चंदा फारसी शिकली, इतिहास वाचू लागली, घोड्यावर बसू लागली, धनुष्य चालवू लागली. ती सात वर्षांची असताना १७७५ साली रुक्नुद्दौला मारेकऱ्याच्या हातून मारला गेला. तथापि तोवर तिच्या शिक्षणाचा पाया पक्का झाला होता.

गाण्यात तिला लाभलेले गुरू खुशहालखान ‘अनुप’ हे होत. तानसेनाचा पुत्र बिलासखान, त्याचा जावई लालखान ‘गुणसमुद्र’, लालखानाचा मुलगा औरंगजेबाच्या काळचा खुशहालखान, अशी जी कलावंतांची थोर परंपरा आहे, त्याच वंशातले हे दुसरे खुशहालखान. दिल्लीचे वैभव ओसरल्यावर तेथील विद्या अशी दाही दिशांस पांगली. काही लखनौस गेली, काही रामपुरास, आणि काही हैदराबादेस येऊन या मुलीच्या गळ्यात उतरली. खुशहालखानांनी रागविद्येवर ‘रागदर्शन’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या सचित्र प्रती झाल्या, आणि त्या कामाशी त्यांच्या या शिष्येचे नाव निगडित आहे. गुरूच्या शास्त्रास शिष्येचा आश्रय मिळावा, असे भाग्य थोड्याच शिष्यांच्या वाट्यास येते.

त्या काळच्या मैफलीत गझल कशी गाइली जाई, हे समजून घेतल्याखेरीज या कलेचे मोल ध्यानात येणार नाही. शेर दोन ओळींचा. गाणारी पहिली ओळ म्हणे आणि थांबे. मग तीच ओळ दुसऱ्या सुरावटीने, तिसऱ्या सुरावटीने. एकदा एका शब्दावर भार देऊन, एकदा दुसऱ्या शब्दावर. साथीस सारंगी व तबला. हाताच्या बोटांनी, डोळ्यांच्या एका हालचालीने, मानेच्या झुकण्याने ती अर्थाची पुडे एकामागून एक उलगडीत जाई. ऐकणारे दुसऱ्या ओळीची वाट पाहत तिष्ठत राहत; आणि ती आली म्हणजे सभेतून एकदम ‘वाहवा’ उठे. अशा गायनास गळा तर लागेच, पण त्याहून अधिक भाषा लागे. शब्दाचे तीन अर्थ ज्या गाणारणीस ठाऊक नसत, ती एकच ओळ दहा वेळा म्हणून सभा कशी धरून ठेवणार? चंदा दुसऱ्यांच्या गझला गात गात स्वतः गझला रचू लागली, आणि ‘चंदा’ हेच तिने कवितेतील नाव घेतले. स्वतः लिहावे, स्वतः चाल बांधावी, स्वतः गावे व स्वतः नृत्यातून दाखवावे, अशा चारही अंगांत पारंगत झालेली ही कलावती होती.

चौदा वर्षांची असताना ती निजाम अलीच्या स्वारीबरोबर निघाली. १७८२ साली कौलास, १७८३ साली निर्मळ, आणि पुढे टिपूविरुद्धच्या मोहिमेच्या काळात पानगल, अशा तीन मोहिमांत ती निजामाबरोबर होती. कौलास व निर्मळ ही दोन्ही ठिकाणे नांदेडच्या सीमेपलीकडे, फार दूर नव्हेत. मोहिमेत ती पुरुषी पेहराव करी व धनुष्य आणि भाला चालवी असे वर्णन मिळते. या सेवेबद्दल तिला जहागिरी मिळाल्या, पुढे उमरावांच्या पंक्तीत स्थान मिळाले आणि ‘माहलकाबाई’ हा किताबही मिळाला. येथून पुढे त्यांचा उल्लेख ‘बाई’ असा आदरार्थी करणे भागच आहे, कारण त्यांच्या काळच्या दरबारानेही तो तसाच केला. बाहेर निघाल्या म्हणजे त्यांच्याबरोबर पाचशे शिपायांचा लवाजमा चाले असे सांगतात. दरबारी मुशायऱ्यांत त्या पुरुष कवींच्या बरोबरीने बसत, आणि राज्याच्या मसलतीत त्यांचे मत घेतले जाई.

त्या काळचे हैदराबादचे राजकारण मराठी वाचकांस अगदी जवळचे आहे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाचा पाडाव झाला. त्या तहात निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करण्यात आला, आणि तो पुण्यास नजरकैदेत राहिला. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत त्याची सुटका झाली. हा मुशीरुल्मुल्क म्हणजेच अरस्तूजाह. माहलकाबाईंच्या काव्यात ज्याची स्तुती आढळते तो हाच. पुढे दिवाण झालेला मीर आलम हाही त्यांच्या निकटच्या वर्तुळातील. म्हणजे पुण्यास नाना फडणीस ज्या माणसांशी बुद्धिबळाचा डाव मांडीत होते, ती माणसे हैदराबादेस परतल्यावर संध्याकाळी या बाईंच्या मैफलीत बसत. आपल्या बखरी त्यांची शत्रू म्हणून एक बाजू दाखवितात. माहलकाबाईंच्या चरित्रात त्यांची दुसरी बाजू दिसते.

१७९८ साली त्यांचा दिवाण, म्हणजे गझलांचा संग्रह, सिद्ध झाला. त्यातील गझला पाच-पाच शेरांच्या आहेत. शिया परंपरेत पैगंबर, त्यांची कन्या फातिमा, जावई अली व दोन नातू या पाच पवित्र व्यक्तींस ‘पंजतन’ म्हणतात. पाचाच्या या आवडीमागे तीच श्रद्धा असावी असे अभ्यासक मानतात. शेवटच्या शेरात बहुधा हजरत अलींचा धावा असतो. पहिले चार शेर प्रियकराशी, साकीशी, बागेशी बोलत असतात. आणि शेवटी सारे मन मौला अलीच्या पायाशी येते. आपल्या लावणीकारांनी शृंगार गाऊन अखेरीस देवाचे वा गुरूचे नाव घेण्याची रीत पाळली, तिच्याशी हे पुष्कळसे मिळते. पुढे हा संग्रह ‘गुलझार-ए-माहलका’ या नावाने छापला गेला. त्याचे एक हस्तलिखित त्यांनी १ ऑक्टोबर १७९९ रोजी एका मैफलीच्या प्रसंगी कॅप्टन जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यास भेट दिले. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ही भेट कोणत्या काळात दिली गेली हे पाहण्यासारखे आहे. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली व आपली फ्रेंच शिक्षित पलटणे मोडली. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले. दक्षिणेतील सत्ता कोणाच्या हाती जात आहे, हे मसलतीत बसणाऱ्या बाईंस दिसत नसेल असे मानण्याचे कारण नाही. सरदारांनी नव्या सत्ताधीशांस घोडे, शाली, जवाहीर नजर केले असेल; माहलकाबाईंनी आपल्या हातची कविता दिली. घोडे मेले, शाली विरल्या. कविता तेवढी राहिली.

पुष्कळ वर्षे माहलकाबाईंस ‘दिवाण सिद्ध करणारी पहिली उर्दू कवयित्री’ असे म्हणण्याचा प्रघात होता. नंतर लुत्फुन्निसा ‘इम्तियाज’ या दुसऱ्या दख्खनी कवयित्रीचा दिवाण उजेडात आला, आणि तो एक वर्ष आधीचा, म्हणजे १७९७ सालचा ठरला. काहींना यामुळे बाईंचा मान कमी झाला असे वाटेल. वास्तविक त्याने दख्खनचा मान वाढला. इम्तियाज या कुलीन गृहिणी होत्या आणि माहलकाबाई मैफलीतल्या कलावती. एक पडद्याआड लिहीत होती, दुसरी पाचशे डोळ्यांसमोर गात होती. दोघींनी एका वर्षाच्या अंतराने आपापला संग्रह पुरा केला. याचा अर्थ असा की, या भूमीत त्या वेळी स्त्रीने कविता लिहिणे ही केवळ एखादीची लहर नव्हती, त्यामागे एक वातावरण होते. आणि त्या वातावरणाचा मूळ झरा वली-सिराजांच्या गावाकडे जातो.

बाईंनी इतिहासाचीही आवड जोपासली. गुलाम हुसेनखान ‘जौहर’ याजकडून त्यांनी ‘माहनामा’ नावाचा दख्खनचा इतिहास लिहवून घेतला, व त्यात आपल्या घराण्याची हकीकत नमूद करविली. आजीची उपासमार, भगतांचा आसरा, आईची वाटचाल हे सारे आज कळते ते अशा लेखनामुळेच. येथे थोडे थांबले पाहिजे. वैभवास चढलेली माणसे आपली वंशावळ सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडवितात. माहलकाबाईंस तसे करणे अशक्य नव्हते. लेखक त्यांच्या पदरचा होता. तरीही घराण्याची पडती बाजू त्यांनी पुसून टाकली नाही. आपण कोठून आलो हे लिहून ठेवण्याचे धैर्य त्यांच्यात होते, आणि ते धैर्य धनुष्य चालविण्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे मानता येणार नाही.

मौला अलीच्या टेकडीशी त्यांचे नाते असेच जुने. राजकंवर गरोदर असताना टेकडीच्या दर्शनास गेली, तेथे तिला पोटातील जिवाचा धोका जाणवू लागला, आणि दर्ग्यातील दोरा व ऊद लाभताच ते संकट टळले, अशी आख्यायिका आहे. वाचलेला तो जीव म्हणजे चंदा. म्हणून दरवर्षी रजब महिन्यात टेकडीवर भरणाऱ्या यात्रेस त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले. यात्रेकरूंसाठी विहीर बांधली, मशीद बांधली. आणि आई गेल्यावर तिला त्याच टेकडीच्या सावलीत ठेवले. आपल्या घरी त्यांनी पुष्कळ मुली सांभाळल्या व त्यांस गाणे-नृत्य शिकविले. १८२४ साली छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. आपली जमीन, सोने-रुपे व जवाहीर त्यांनी निराधार स्त्रियांसाठी ठेविले असे सांगितले जाते. गुजरातेतील एका घरातून निराधार होऊन बाहेर पडलेल्या आजीचे ऋण नातीने या रीतीने फेडले, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता त्यांच्या मागे काय राहिले, याचा विचार करावयाचा. हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठ ज्या अडिकमेटच्या जमिनीवर उभे आहे, ती जमीन एके काळी त्यांच्या जहागिरीत मोडत होती. हजारो मुले-मुली आज तेथे शिकतात. ज्या भूमीवर आपण चालतो ती एका गाणारणीची होती, हे त्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल. मौला अलीच्या पायथ्याचे आवार मध्यंतरी फार जीर्ण झाले होते. २०१० च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या सांस्कृतिक वारसा निधीच्या साहाय्याने त्याची दुरुस्ती झाली. या कामात पुढाकार घेणारे स्कॉट कुगल या विद्वानांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात सिराज औरंगाबादी व माहलकाबाई या दोघांच्या काव्याचा एकत्र अभ्यास मांडला आहे. सिराजांचे निधन आणि चंदाचा जन्म यांत पाच वर्षांचे अंतर. गाव सुटले तरी परंपरेचा धागा तुटला नव्हता, हे या जोडणीवरून स्पष्ट होते.

राहिले नाही ते त्यांचे गाणे. त्यांच्या गळ्याचा एक सूरही आज कोणास ऐकता येत नाही. कलकत्त्यास गौहरजानच्या गाण्याची तबकडी निघाली ती १९०२ साली, म्हणजे माहलकाबाई जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटल्यावर. गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गाइलेली भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ या यानावर चढली आणि सूर्यमालेच्या पलीकडे निघून गेली. एकीचा सूर ग्रहताऱ्यांपर्यंत पोहोचला, दुसरीचा मैफलीच्या समया विझताच विरला. दोघींच्या मधे काय आले? एक यंत्र आले. पण यंत्राइतकीच महत्त्वाची दुसरीही एक गोष्ट आली.

ती गोष्ट म्हणजे समाजाची दृष्टी. माहलकाबाईंच्या पश्चात इंग्रजी अंमल दृढ झाला, दरबार निस्तेज झाले, आणि गाणाऱ्या बाईचा आश्रय सुटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांनी नाच-बैठकींविरुद्ध चळवळ केली. तिचा हेतू चांगला असेल. परंतु तिच्या तडाख्यात व्यसन व विद्या एकाच सुपात पाखडली गेली. १९४६ साली नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय झाले आहे अशा गाणाऱ्या बायांस नभोवाणीचे दार बंद करण्यात आले. गाणे मात्र आत राहिले. जी ठुमरी, जी गझल, जो ख्याल त्या बायांनी दोनशे वर्षे जिवापाड सांभाळला, तो घरंदाज मुली शिकवणी लावून शिकू लागल्या, आणि हे गाणे कोणी राखून ठेवले होते ते सांगण्याची सर्वांसच लाज वाटू लागली.

महाराष्ट्रात ही लाज मोडून काढण्याचे काम स्वतः गाणाऱ्या स्त्रियांनीच केले. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून भरविलेल्या जाहीर जलशात साध्या पातळात बसून गाइल्या, आणि कुटुंबवत्सल माणसे बायकामुलांसह ऐकावयास आली. अंजनीबाई मालपेकर यांस १९५८ साली संगीत नाटक अकादमीने आपले सन्मान्य सदस्यत्व दिले. पाचशे शिपायांचा लवाजमा जे रक्षण करी, ते रक्षण आता श्रोत्यांच्या आदराने केले.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. तीही गाणाऱ्या घरची. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिला पंढरीरायाच्या पायांखेरीज दुसरा ठाव उरला नाही, आणि तेथेच तिने देह ठेविला. तिच्या त्यागापुढे आपण हात जोडतो. परंतु हात जोडताना हेही ध्यानात ठेवावे की, तिच्यापुढे दुसरी वाट कोणी ठेविलीच नव्हती. माहलकाबाईंनी त्याच दरबारी जगात राहून विद्येच्या बळावर ती दुसरी वाट पाडून दाखविली. त्यांस दिवाणाचा वाडा लाभला, ग्रंथ लाभले, थोर गुरू लाभला. हे न लाभलेल्या शेकडोंची नावेही उरलेली नाहीत. बुद्धी व गळा त्यांतील कित्येकींपाशी असेल.

आज संभाजीनगरात एखादी मुलगी गझल गाते व श्रोते ती कौतुकाने ऐकतात. त्या मुलीस वली व सिराज यांची नावे सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याबरोबर आणखी एक नाव सांगितले जावे. गाण्यासाठी घर सुटलेल्या, नव्हे, घर सुटल्यामुळे गाण्याकडे आलेल्या एका कुटुंबाने याच शहरात मुक्काम केला होता. त्या कुटुंबातील एका मुलीने पुढे सरदारकी मिळविली, ग्रंथ लिहिला, आईची कबर बांधली, आणि मागे जे राहिले ते ज्यांना कोणी नव्हते अशा बायकांसाठी ठेवून गेली. तिचे नाव चंदा.